कड्यावरचं गाऱ्हाणं

फॉस्टिन आल्मेडा हा माणूस खोटं बोलतो. हे मी त्याच्या पाठीमागे सांगत नाही. तोंडावर कितीदा तरी सांगून झालंय, आणि दर वेळी त्यानं टोपी काढून मान झुकवली आहे, जसा काही मी त्याचा सत्कारच करतेय. मी त्याला काका म्हणते, पण अहोजाहो करत नाही. मालवणीत तशी फारशी पद्धत नाही, आणि असती तरी त्याला ते कमवावं लागलं असतं.

कणकवलीच्या पूर्वेला घाटाच्या पायथ्याशी त्याची काजूची बाग आहे. पाऊस आणि काजूचा हंगाम सोडला तर उरलेल्या दिवसांत तो लोकांना डोंगरात नेतो. मी कणकवलीत कॉलेजात भूगोल शिकवते आणि आमच्या डोंगरभटक्यांच्या मंडळाची उठाठेव करते. दर वर्षी नाताळ उलटला की आमची चार दिवसांची मोहीम निघते. ओढ्याच्या घळीतून वर चढायचं, घाटमाथ्याच्या खालून कड्याकड्यानं आडवं जायचं आणि चौथ्या दिवशी भलत्याच गावात उतरायचं. वाटाड्या अर्थात फॉस्टिन. दुसरा कोणी मिळत नाही असं नाही. पण दुसऱ्याबरोबर गेलं की मोहीम नुसतीच पार पडते, तिची मजा काही येत नाही.

तिसऱ्या दिवशी ती पट्टी लागते. कड्याच्या पोटात निघालेली, दीड पावलाची वाट. उजवा गाल दगडाला घासतो आणि डाव्या हाताला काहीच नाही, फार खाली झाडांचे शेंडे. पुण्याच्या लोकांना फॉस्टिन सांगतो की इथून एक राणी मेण्यात बसून पळाली. आता मेणा मावणार कुठे, हा प्रश्न विचारायचा नाही. कोल्हापूरकरांना सांगतो की या वाटेनं गोव्याची दारू वर जायची. मला एकदा म्हणाला, इथं वाघीण बाळंत झाली होती आणि त्याच्या आजीनं तिला शेपाचं पाणी नेऊन दिलं होतं. खरं काय ते त्याचा दोस्त शिवा सांगतो. शिवा पायथ्याच्या गावातला भातशेतीवाला, मोहिमेत दोर त्याच्या ताब्यात असतो. "काय नाय गो," तो म्हणतो, "धनगराच्या शेरडांची वाट ती. ह्या मेल्याक सरळ सांगूकच येना नाय."

पट्टीवर दोर बांधलेला असतो आणि प्रत्येकाच्या कमरेला पट्टा अडकवलेला. जीव जायची भीती नसते, पण हे गुडघ्यांना कोण सांगणार? म्हणून फॉस्टिन तिथं गाऱ्हाणं घालतो.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं घातलेलं साकडं. आमच्याकडे देवळासमोर एक जण ते घालतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. शिवाच्या गावच्या देवळात हा मान शिवाच्या घराण्याचा, आणि लहानपणापासून त्या गर्दीत उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो हा किरिस्तांव फॉस्टिन. ते इतकं अंगात मुरलं की एकदा कणकवलीच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रार्थना संपवून क्षणभर श्वास घेतला आणि 'आमेन'च्या जागी मागच्या बाकावरून खणखणीत "व्हय म्हाराजा!" आलं. जेसिंताबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, नंतर आठवडाभर अबोला धरला. फॉस्टिन म्हणतो, तो आठवडा फार शांततेत गेला.

तर कड्यावर तो सगळ्यांत पुढे असतो. वळून बघायचं नाही, हा त्याचाच नियम. मान वळली की तोल जातो. म्हणून देवळातला देव आणि चर्चमधली सायबीण माय दोघांना एकदमच हाक घालत तो पुढून ओरडतो,

"बा देवा म्हाराजा! सायबिणी माये! कड्याच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां, कोण बँकेतली, कोण शाळेतली, घरात ऱ्हवाचा सोडून तुझ्या अंगाखांद्यार नाचाक इली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंका अक्कल नाय, पण जीव आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो जीव तेवडो पलीकडे पोचव रे म्हाराजा!"

आवाजावरून त्याला कळतं की कोणाचे पाय लटपटताहेत आणि कोण बरा आहे. कडा तिथं आत वळलेला असल्यामुळे आपला "व्हय म्हाराजा" फिरून आपल्याच कानावर येतो. इतपत ठीक होतं. पण पुढे या इसमानं त्यात कायदा घुसवला. पट्टीवर ज्याला "व्हय म्हाराजा" म्हटलं ते पाळायचं, कारण कड्यानं ते ऐकलेलं असतं. एका बँकेच्या साहेबांनी घामाघूम अवस्थेत कशाला हो म्हणतोय हे न ऐकताच हो म्हटलं आणि त्यांची तंबाखू सुटली. खरोखर सुटली. त्यांची बायको अजून फॉस्टिनला दिवाळीचा फराळ पाठवते. मलाही एकदा "ही मास्तरणी पोरांच्या अंगार वरडता, ता आता बंद करतली" याला त्यानं हो म्हणायला लावलं. मी ते पाळलेलं नाही, पण वर्गात ओरडताना जरा चाचरते, हे कबूल करते.

आता एलिना. फॉस्टिनची एकुलती एक मुलगी, कणकवलीत नर्स. शाळेत होती तेव्हापासून मोहिमेत रांगेच्या अगदी शेवटी ती चालते. सगळ्यांचे पट्टे तपासायचे, मागे कोणी राहिला तर हाकायचं, हे तिचं काम. किरिस्तांव घरात बापाला 'पाय' म्हणतात. त्यामुळे ती मागून "पाय!" अशी हाक मारते तेव्हा नवी मंडळी जागच्या जागी थिजून आपापल्या पायांकडे बघू लागतात. फॉस्टिनला यात इतकी मजा येते की पप्पा-डॅडी असलं काही त्यानं घरात येऊच दिलं नाही.

या एलिनाच्या दवाखान्यात मालवणचा लिओन आला. तो पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतो. कानात पाणी गेलं होतं म्हणून आला, आणि कान बरा झाला तरी येत राहिला. दोघांचं जमलं. लिओनच्या घरच्यांना वाटलं, लेंत सुरू व्हायच्या आत लग्न व्हावं, कारण उपासाच्या त्या दिवसांत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. एलिनानं सांगितलं, "पाय हो म्हणत नाय तोवर मी लगीन करूचंय नाय." आणि फॉस्टिननं नेमकं हे ऐकलं. म्हणजे त्याला नाही म्हणायचीसुद्धा गरज उरली नाही. नुसतं हो म्हणायचं नव्हतं.

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या जेवणात, चार पाहुण्यांसमोर, त्यानं वर आणखी जाहीर केलं, "जो माझी पट्टी पार करीत तोच माझो जावय!"

"पट्टी तुझी कदीपासून झाली?" जेसिंताबाई वाढता वाढता म्हणाल्या. "आणि पोटचा चेडू काय लॉटरीत लावलंस?"

पण लिओन उभा राहिला आणि म्हणाला, "अंकल, मी येतंय." पोरगा उंचीला किती घाबरतो हे एलिनाला माहीत होतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मोहिमेच्या सकाळी जेसिंताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्राजक्ता, ह्या दोघा पोरांका नीट घेवन ये. तो तिसरो नाय इलो तरी चलात."

पहिल्याच दिवशी फॉस्टिननं लिओनच्या सॅकमध्ये नारळ भरले. पट्टीच्या तोंडाशी एक नारळ ठेवायची रीत आहे. यानं पाच भरले. "कड्याचा पोट मोठा आसा," म्हणाला. लिओननं सॅक पाठीवर चढवली. घळ तो झकास चढला, कारण तिथं दोन्ही बाजूंना दगड होते. पण वर पोचल्यावर पहिल्यांदा उघडा कडा दिसला तेव्हा पोरगा हातापायांवर आला आणि रांगत मागे सरकला. फॉस्टिननं सगळ्यांना हाका मारून ते दाखवलं. मला त्याची टोपी खाली भिरकावून द्यावीशी वाटली.

"मॅडम," लिओन नंतर मला म्हणाला, "पाण्यात कितीव खोल जातंय, माका काय वाटना नाय. थंय पडाचा नसता. हय पडाचा आसता."

दुसऱ्या दिवशी त्यानं तीन दगडांच्या चुलीवर सोड्यांचा भात केला. मंडळातली माणसं बोटं चाटत होती. फॉस्टिननं तीनदा घेतला आणि म्हणाला, मीठ कमी आहे.

संध्याकाळी मी आणि फॉस्टिन झऱ्यावर पाणी भरायला गेलो. मी संधी साधली.

"काका, पोरगो बरो आसा. तुझा खंय अडला?"

"घाबरता."

"आणि तू? जल्मात कदी दर्यात गुडघ्याच्या वर गेलंस?"

हे त्याला लागलं. मालवणला जावं लागलं तर हा माणूस वाळूत टोपी डोळ्यांवर ओढून बसतो आणि सांगतो, ऊन फार आहे. बाटली भरून सांडायला लागली तरी त्यानं ती धारेखालून काढली नाही.

"बाये," तो म्हणाला, "मी फुडे चलतंय तेवा माका मागे बगूक गावना नाय. तुमी सगळी वरडतास, कोण बारीक, कोण मोठ्यान. आणि सगळ्यांच्या शेवटाक त्येचो आवाज येता. एलिनाचो. तो इलो की माका कळता, सगळी आसत. मगे मी फुडचा पाऊल टाकतंय." त्यानं नाक पुसलं. "ता मालवणाक गेला की मागसून कोण वरडतला?"

मला त्याची दया आली, आणि तितकाच रागही आला.

"म्हणान चेडवाक घरात बसवन ठेवतलंस?"

त्यानं बाटलीचं बूच घट्ट लावलं. "भातात मीठ जास्त होता," असं म्हणून तो चालू लागला.

तिसऱ्या दिवशी ऊन अंगावर यायच्या आत आम्ही पट्टीच्या तोंडाशी होतो. नारळ ठेवला. शिवानं दोर बांधला, एलिनानं सगळ्यांचे पट्टे तपासले. लिओनचा पट्टा तिनं पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जमना नसात तर ऱ्हव," ती हळू म्हणाली. त्यानं मान हलवली आणि फॉस्टिनच्या मागे जाऊन उभा राहिला, कारण फॉस्टिननं त्याची जागा तिथंच ठरवली होती. त्याच्यामागे शिवा, मग मी, मग मंडळाचे बाकी लोक आणि शेवटी एलिना.

निघालो. फॉस्टिननं नेहमीची सुरुवात केली, देव, सायबीण, राखणदार. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. शिवाच्या खांद्यावरून मला लिओन दिसत होता. दगडाला चिकटून, इंच इंच सरकत होता. तोंडातून शब्द नाही, दात एकमेकांवर गच्च बसलेले. पट्टीच्या मध्यावर पोचलो तेव्हा फॉस्टिन थांबला आणि त्याचा आवाज चढला. या आवाजाची मला चांगली ओळख आहे. आता काहीतरी आगाऊपणा होणार.

"ह्यो एक दर्यातलो मासो चुकान डोंगरात इलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही हसत हसत म्हटलं.

"त्येका आपली चूक समाजली हा!"

"व्हय म्हाराजा!"

"हयसून खाली उतारल्यार तो सरळ मालवणाक जातलो, आणि थंयचाच एकादा बरासा चेडू बगतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—" माझी जीभ अर्ध्यावर थांबली. मागच्या लोकांची थांबली नाही. सवयीनं सगळ्यांनी जोरात होकार भरला आणि कड्यानंही तो फिरवून भरला. हा म्हातारा इतका चालू असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. लिओननं हो म्हटलं की संपलं. कायदा त्याचाच, कोर्टही त्याचंच.

"एक आवाज कमी आसा," फॉस्टिन पुढूनच म्हणाला. "लिओन, बोल रे. बोललंस की लगेच फुडे जावया."

लिओनचा डावा पाय थडथड उडत होता. पुढे सरकायची त्याच्यात ताकद नव्हती, आणि तोंड उघडायला तो तयार नव्हता. त्याच्यामागे आम्ही सगळे खोळंबलेले. मी तोंड सोडणार होते, तेवढ्यात रांगेच्या शेवटून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

एलिना. आजवर पुढच्या माणसाशिवाय कोणी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. पण घालायचं नाही, असा कायदाही कोणी केला नव्हता.

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"माझो पाय खोट्यो गजाली सांगता—" एका नव्या मेंबरनं मुकाट खाली आपल्या पायांकडे पाहिलं— "पण तो मनान वायट नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका दर्याचा भय वाटता, ता तो कोणाक सांगना नाय!"

"व्हय म्हाराजा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"त्येच्या चेडवाचा लगीन लेंतीच्या आदी, ह्याच लिओनवांगडा होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज आमचा नव्हता. आम्ही अजून श्वासच घेत होतो. तो पुढून आला, खणखणीत, चर्चच्या मागच्या बाकावरून आला होता अगदी तसा. शेवटचं "रे म्हाराजा" कानावर पडलं आणि फॉस्टिनचं तोंड आपलं आपण उघडलं होतं. कड्यानं ते त्याच्याच आवाजात त्याला परत ऐकवलं.

मग जे हसू फुटलं! दीड पावलाच्या वाटेवर हसणं किती धोक्याचं असतं हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना बजावत आलेय, आणि मीच दोराला लोंबकळून हसत होते.

"ह्या धरूचा नाय!" फॉस्टिन ओरडला. "माझा ध्यान नव्हता!"

"बँकेच्या सायबाचा तरी ध्यान खंय होता?" शिवा म्हणाला.

"चेडवान फसवल्यान माका!"

"शिकवल्यान कोणी?" शिवा म्हणाला. "व्हय म्हटलंस, कड्यान ऐकल्यान. आता गप चल."

मग फॉस्टिननं, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मान वळवून मागे पाहिलं. लिओनवरून, शिवावरून, माझ्यावरून त्याची नजर थेट रांगेच्या टोकाला गेली. तिथं एलिना दगडाला पाठ टेकून उभी होती. ती हसत नव्हती. तिनं नुसता हात हलवला, लहान पोरं शाळेत जाताना घराकडे बघून हलवतात तसा. आमचं हसू आपोआप ओसरलं.

तो परत पुढे वळला. आणि मग त्यानं गाऱ्हाणं घातलं, पण इतक्या बारीक आवाजात की आम्हाला कान द्यावे लागले.

"बा दर्याच्या म्हाराजा. तुझी माझी वळख नाय."

कोणीतरी पुटपुटलं, "व्हय म्हाराजा."

"माझा एकच चेडू आसा. ता आता तुझ्या गावाक येता."

"व्हय म्हाराजा."

"मागसून त्येचो आवाज ऐकत मी इतकी वर्सां चाललंय. आता आवाज इलो नाय, तरी चलूचा लागतला." इथं तो थांबला. त्याचे खांदे हलले. "त्येका सांभाळ रे म्हाराजा."

होकार भरायचा होता. मी दगडाला कपाळ टेकलं होतं. शिवा बाहीनं तोंड पुसत होता. मागचे सगळे मुके झाले होते. आणि शेवटचा, नेहमीचा, एलिनाचाही आवाज आला नाही. ती रडत होती. फॉस्टिन तसाच वाट बघत उभा राहिला, पाऊल न उचलता.

"व्हय म्हाराजा!"

लिओन. पट्टीवर आल्यापासून तोंड न उघडलेला. डोळे मिटलेले, गाल दगडाला लावलेला, आवाज फाटलेला, पण कड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईल एवढा मोठा.

फॉस्टिननं मागे न बघता हात मागे केला. लिओननं चाचपडत तो धरला.

"आता सोडू नको," फॉस्टिन म्हणाला. "फुडे वाट जरा बारीक आसा."